हाय नून (१९५२) : लोक एवढं डोक्यावर का घेतात?

शंकासुर

वेस्टर्न सिनेमे मला आवडतात हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पहिलाच प्रतिसाद "तुमचा पिंड नाही हो हा" असा यायचा. घोडे, धूळ, सलूनची फडफडणारी दारं, काही न बोलता नुसते डोळे बारीक करून एकमेकांकडे बघणारी माणसं, सगळं चालतं आपल्याला. पण हाय नूनचं नाव इतक्या ठिकाणी वाचलं होतं की काहीतरी अचाट बघायला मिळणार असं धरून बसलो होतो, आणि मिळाला काय तर विल केन नावाचा एक पन्नाशीचा थकलेला मार्शल (गावचा पोलिस अधिकारी), जो तासभर गावात दारोदार फिरतोय की माझ्यासोबत या हो कुणीतरी, आणि जो तो काहीतरी कारण सांगून अंग काढून घेतोय. मग बाराची गाडी येते, त्याने पूर्वी पकडलेला गुंड फ्रँक मिलर उतरतो, चौघं विरुद्ध एक, थोडी पळापळ, गोळीबार, संपलं.

आता माझ्या शंका. एक म्हणजे अख्खं गाव असं एकजात भित्रं कसं असेल? याच लोकांना बरोबर घेऊन केनने पाच वर्षांपूर्वी मिलरला पकडून गाव साफ केलं होतं ना? दुसरं, केन झालेला गॅरी कूपर पन्नास वर्षांचा आणि त्याची बायको एमी झालेली ग्रेस केली एकवीसची, ते लग्न बघताना मला नवरा-नवरीपेक्षा बाप मुलीला सासरी पाठवतोय असंच वाटत होतं. आणि तिसरं म्हणजे याच्याबद्दलची मतं इतकी टोकाची का आहेत ते कळत नाही. चार ऑस्कर मिळाले, वेस्टर्नच्या कुठल्याही यादीत वरच्या पाचात असतो, आणि दुसरीकडे जॉन वेनसारखा वेस्टर्नचा सुपरस्टार याला शिव्या घालतो, काही मोठे समीक्षक तर याला खरा वेस्टर्नच मानत नाहीत म्हणे. नक्की भानगड काय आहे? स्पॉयलरची चिंता करू नका, ज्यांनी बघितला नाही त्यांनी इथून पळा.

रिळवाला

शंकासुरा, तू गोळीबाराची वाट बघत बसलास तिथेच तुझी गाडी चुकली :)

या सिनेमात अॅक्शन आहे ती घड्याळाची. सकाळी साडेदहाच्या सुमाराला केनचं लग्न लागतं, पाठोपाठ तार येते की मिलर सुटलाय आणि बाराच्या गाडीने येतोय, आणि तिथून पुढे पडद्यावरचा वेळ आणि तुझ्या खुर्चीतला वेळ जवळजवळ बरोबरीने चालतो. मिनिटाला मिनिट लावून बघायला गेलास तर थोडी ओढाताण सापडेल, पण बघताना ती जाणवत नाही. ऑफिसात, हॉटेलात, सलूनमध्ये, जिथे जाईल तिथे भिंतीवर घड्याळ. दिग्दर्शक झिनेमनने तीनच गोष्टी धरून सिनेमा बांधलाय, क्षितिजापर्यंत सरळ गेलेले ढिम्म रूळ, त्या रुळांपाशी वाट बघत बसलेले तीन गुंड, आणि काळ्या कोटातला केन जो सतत चालतोय. बसलेल्यांना घाई नाही आणि चालणाऱ्याला कुठे पोचायचंच नाहीये, सगळा ताण त्यातून येतो.

बाराला काही सेकंद कमी असताना जो तुकडा येतो तो परत लावून बघ, आवाज मोठा ठेवून. लंबक, केन मृत्युपत्र लिहितोय, चर्चमधली माणसं, सलूनमधली माणसं, केनची जुनी मैत्रीण हेलन, एमी, रूळ, आणि ती रिकामी खुर्ची जिच्यावर बसून मिलरने शिक्षा ऐकली होती. प्रत्येक कट संगीतकार टिओमकिनच्या संगीताच्या ठोक्यावर पडतो आणि मग एकदम इंजिनाची शिट्टी. एडिटिंगचं ऑस्कर एल्मो विल्यम्स आणि हॅरी गेरस्टॅडला मिळालं. विल्यम्स पुढे सांगत राहिला की सिनेमा पडलेला होता, मी टेबलावर उभा केला, आणि झिनेमन आणि लेखक कार्ल फोरमन दोघांनाही ते कधी मान्य झालं नाही. ते भांडण काही मिटलेलं नाही. पण एक नक्की, गावाबाहेर असलेल्या दुसऱ्या एका डेप्युटीचं (मार्शलच्या मदतनीसाचं) उपकथानक शूट करून पूर्ण कापून टाकलंय आणि त्यामुळे कॅमेरा गाव सोडून जातच नाही. फार बरं झालं.

फोटोग्राफीवरूनही तेव्हा लोकांनी नाकं मुरडली होती. वेस्टर्न म्हटलं की फिल्टर लावून गडद केलेलं आभाळ आणि त्यात पांढरेशुभ्र ढग अशी सवय. कॅमेरामन फ्लॉइड क्रॉस्बीने फिल्टर काढून टाकले, आभाळ नुसतं पांढरट, फ्रेम सपाट आणि जराशी खरखरीत. त्याला आणि झिनेमनला अमेरिकन यादवी युद्धाच्या काळातल्या मॅथ्यू ब्रेडीच्या फोटोंसारखं दिसायला हवं होतं, जुन्या बातमीतला फोटो बघतोय असं. त्यात कूपरच्या चेहऱ्यावर मेकअप नावापुरता, आणि त्याला त्या वेळी अल्सर आणि पाठदुखी दोन्ही होतं, त्यामुळे तो जो थकवा दिसतो तो सगळा अभिनयच आहे असं समजू नकोस. सात-साडेसात लाख डॉलरचा, साधारण महिनाभरात उरकलेला सिनेमा आहे हा, त्या काळच्या हिशोबानेही स्वस्तातलाच. आणि शेवटचा तो क्रेन शॉट, केन रस्त्यात उभा आहे, हेलन आणि एमीची घोडागाडी त्याला ओलांडून निघून जाते आणि कॅमेरा वर वर जात राहतो, गावभर एक कुत्रंसुद्धा नाही. दुसऱ्या कुणी याच जागी केनला भाषण दिलं असतं.

गाण्याबद्दल बोलत नाही, ते डोक्यात बसलं की दोन दिवस निघत नाही. टेक्स रिटरने गायलंय, शब्द नेड वॉशिंग्टनचे. टिओमकिनला संगीत आणि गाणं अशी दोन्ही ऑस्कर त्याच रात्री मिळाली.

सिंगलस्क्रीन

रिळवाल्यांनी बाकी सगळं सांगितलं पण पहिल्या शंकेला बगल दिली. मी देतो उत्तर. शंकासुर, तुम्हाला जे खटकलं तेच दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सला खटकलं होतं. त्याचं म्हणणं असं की चांगला शेरीफ मुंडी छाटलेल्या कोंबडीसारखा गावभर मदत मागत पळणार नाही, आणि एवढं करून शेवटी त्याला वाचवते कोण तर त्याची क्वेकर (अहिंसा मानणाऱ्या ख्रिस्ती पंथातली) बायको, जिचा बंदुकीलाच विरोध आहे. म्हणून त्याने १९५९ मध्ये मुद्दाम उलटा सिनेमा काढला, रिओ ब्राव्हो. त्यातल्या शेरीफला लोक आपणहून मदत द्यायला येतात तर तो म्हणतो नको, तुम्हाला बायकापोरं आहेत, हे तुमचं काम नव्हे, ज्यांचं काम आहे ते करतील. मला हा माणूस जास्त पटतो. केनचं मला कळतच नाही, तुला राहायचंय ना, मग राहा, दुकानदारांना कशाला वेठीला धरतोस.

आणि समीक्षकांचा राग उगीच नव्हता. रॉबर्ट वॉरशोने १९५४ मध्ये वेस्टर्नच्या हिरोवर एक निबंध लिहिला होता, तो आजही वाचण्यासारखा आहे. त्याचा आक्षेप शंकासुर यांच्यासारखाच पण खोल. वेस्टर्नचा हिरो मुळातच एकटा असतो, त्याला एकटं पाडायला गावाने भित्रं असायची गरज नसते. इथे मात्र लेखकाने तो एकटेपणा सिद्ध करायला एकेक नागरिक आणून उभा केलाय आणि प्रत्येकाला नापास केलंय, म्हणजे वेस्टर्नच्या कपड्यात सामाजिक नाटक. फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझां तर म्हणत होता की युद्धानंतरच्या अशा वेस्टर्नना नुसतं वेस्टर्न असण्याची लाज वाटते, काहीतरी मोठा विषय चिकटवल्याशिवाय त्यांना बरं वाटत नाही. आणि अँड्र्यू सॅरिसने १९६८ च्या पुस्तकात दिग्दर्शकांची प्रतवारी लावली तेव्हा झिनेमनला टाकला कुठल्या कप्प्यात, तर दिसतो त्यापेक्षा कमी भरणारे! जरा खवचटपणाच होता तो, पण पूर्ण खोटा नाही.

गंमत बघा, १९५६ च्या द सर्चर्स या वेस्टर्नला ऑस्करचं एक नॉमिनेशनसुद्धा मिळालं नव्हतं. हाय नूनला सात नॉमिनेशन्स, चार पुरस्कार. आज जगभरच्या समीक्षकांना विचारा, सर्चर्स कुठल्या कुठे पुढे आहे. २००८ ला अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने वेस्टर्नची यादी केली त्यातही सर्चर्स एक नंबर, हाय नून दोन. उत्तम कारागिरी आहे, नाही कोण म्हणतंय, पण सर्चर्समध्ये जे हाताला लागत नाही ते इथे सगळं फळ्यावर लिहून दिलंय.

जुना गडी

बंधू, त्या फळ्यावर नक्की काय लिहिलंय ते सांगायचं राहिलं की. टोकाची मतं का, याचं उत्तर सिनेमात कमी आणि सिनेमाबाहेर जास्त आहे.

सप्टेंबर १९५१. शूटिंग चालू आहे आणि पटकथाकार कार्ल फोरमनला अमेरिकी संसदेच्या हाउस अन-अमेरिकन अॅक्टिव्हिटीज कमिटीपुढे साक्षीला जावं लागतं. हॉलिवूडमध्ये कम्युनिस्ट कोण कोण आहेत ते हुडकण्याचा तो काळ. फोरमन पूर्वी पक्षात होता; आता नाही एवढंच त्याने सांगितलं, पण पूर्वीबद्दल आणि दुसऱ्यांची नावं घेण्याबद्दल तोंड उघडलं नाही. नावं घेतली नाहीत की तुम्ही असहकारी साक्षीदार, म्हणजे काम बंद. त्याचा पार्टनर, निर्माता स्टॅन्ली क्रेमर बाजूला झाला, कंपनीतला त्याचा हिस्सा घेऊन त्याला मोकळं केलं, आणि तो इंग्लंडला निघून गेला. आता परत बघा पटकथा. जज्ज पुस्तकं, तराजू आणि झेंडा बॅगेत भरून निघतो, मित्र बायकोला सांगतो की मी घरात नाही असं सांग, आणि चर्चमध्ये सगळे म्हणतात की तू फार चांगला माणूस आहेस पण कृपा करून निघ. फोरमनने पुढे स्वतःच सांगितलंय की यातले संवाद त्याला त्या दिवसांत खऱ्या माणसांकडून ऐकायला मिळत होते.

जॉन वेन याच्या बरोब्बर विरुद्ध तंबूतला. १९७१ च्या एका गाजलेल्या मुलाखतीत त्याने सांगितलं की एवढा अमेरिकाविरोधी सिनेमा मी आयुष्यात बघितला नाही, आणि फोरमनला देशाबाहेर घालवायला हातभार लावल्याचा मला कधीही पश्चात्ताप होणार नाही. त्याच मुलाखतीत तो सांगतो की शेवटी कूपर मार्शलचा स्टार जमिनीवर टाकतो आणि पायाने तुडवतो. तुडवत नाही हो! नुसता धुळीत टाकतो आणि गाडीत बसतो. रागात लोकांना न घडलेले सीनसुद्धा आठवतात. आणि याच्यावर कडी म्हणजे कूपरला यासाठी बेस्ट अॅक्टर मिळालं त्या रात्री तो हजर नव्हता, आणि त्याच्या वतीने बाहुली घ्यायला स्टेजवर गेलं कोण, तर जॉन वेन! वर हसत हसत म्हणाला की आता माझ्या मॅनेजरला आणि एजंटला गाठून विचारतो हा रोल मला का नाही मिळाला. म्हणजे १९५३ मध्ये रोल हवा होता आणि १९७१ मध्ये देशद्रोह. घ्या.

कूपर स्वतः पक्का रिपब्लिकन, १९४७ मध्ये कमिटीपुढे साक्ष द्यायला आपणहून गेलेला, फक्त नाव कुणाचं घेतलं नाही. तरी तो फोरमनच्या बाजूने बराच काळ उभा राहिला, म्हणजे बाहेरून दबाव येईपर्यंत. बेस्ट पिक्चर त्या वर्षी सेसिल बी. डेमिलच्या सर्कसच्या सिनेमाला गेलं, तो आज कुणी आवडीने बघत असेल असं वाटत नाही. हाय नूनला ते का मिळालं नाही यावर लोक अजून वाद घालतात, मी आपला अंदाज बांधतो, हवा तशी होती.

(रच्याकने, हाच फोरमन पुढे ब्रिज ऑन द रिव्हर क्वायच्या पटकथेत मायकल विल्सनबरोबर होता, दोघंही काळ्या यादीत म्हणून ऑस्कर दिलं मूळ कादंबरीकाराला. चूक सुधारली १९८४ मध्ये, तेव्हा दोघंही हयात नव्हते.)

शंकासुर

हे माहीत नव्हतं, भारी आहे. पण मग सिंगलस्क्रीन यांचाच मुद्दा सिद्ध होतो ना? ज्याला १९५१ चं हॉलिवूड माहीत नाही त्याने काय करायचं, सिनेमासोबत टिपणं घेऊन बसायचं का?

जुना गडी

अजिबात नाही. झिनेमनला तर राजकारणाचा अर्थ लावलेलाच आवडायचा नाही, तो म्हणायचा एका माणसाची आणि त्याच्या सदसद्विवेकबुद्धीची गोष्ट आहे, बाकी तुमचं तुम्ही बघा. आणि हे म्हणणारा माणूस ज्यू, त्याचे आईवडील नाझींनी मारलेले, शेजारपाजारचे लोक दारं लावून घेतात म्हणजे काय हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. लोकांनी वाट्टेल ते अर्थ लावलेत. आयझेनहॉवरपासून बिल क्लिंटनपर्यंत दोन्ही पक्षांचे राष्ट्राध्यक्ष याचे फॅन, क्लिंटनने तर व्हाइट हाउसमध्ये पुन्हा पुन्हा लावला होता. खुर्चीवर बसलेल्या प्रत्येकाला आपणच केन वाटत असणार.

भटकभवानी

पोलंडचं पोस्टर विसरलात! ४ जून १९८९ च्या निवडणुकीत सॉलिडॅरिटी या कामगार संघटनेने वापरलेलं, तोमाश सार्नेत्स्कीने केलेलं. कूपर तसाच चालत येतोय, हातात बंदुकीऐवजी मतपत्रिका, छातीवर स्टारच्या वर सॉलिडॅरिटीचा बिल्ला. हॉलिवूडमधल्या कम्युनिस्ट म्हणून हाकललेल्या लेखकाचा हिरो कम्युनिस्ट सरकारविरुद्धच्या पोस्टरवर. म्हणून मला हा सिनेमा फक्त कम्युनिस्ट हुडकणाऱ्या मॅकार्थीच्या काळापुरता आहे असं म्हणणं पटत नाही.

आता गाव एकजात भित्रं आहे या मुद्द्यावर येते, कारण मला तो मुळातच मान्य नाही. एकजात कुठे आहे? नीट ऐका प्रत्येकाचं कारण. हॉटेलच्या क्लार्कला केन आवडतच नाही, मिलर होता तेव्हा हॉटेल भरलेलं असायचं, धंदा व्हायचा. सलूनमध्ये मिलरचे दोस्तच बसलेत. डेप्युटी हार्व्ही पेलला मार्शलची नोकरी हवीय, शिफारस करत असशील तर थांबतो म्हणतो, हा सरळ सौदा आहे, भीती नाही. हर्ब बेकर आधी तयार असतो, इतका की उत्साहाने विचारायला येतो किती जण जमले, आणि आपण एकटेच आहोत कळल्यावर त्याचा चेहरा जो पडतो तो बघवत नाही. त्याला मी भित्रा म्हणणार नाही, दहा जणांत अकरावा व्हायची त्याची तयारी होती. मार्टिन हाउ जुना मार्शल, सांधे धरलेले, म्हणतो मी आलो तर तुला माझीच काळजी करत बसावं लागेल, आणि वर हेही ऐकवतो की लोकांना कायदा वगैरे आतून नकोच असतो.

आणि चर्चमधला मेयर हेंडरसन. थॉमस मिचेलने काय केलंय ते! आधी पाच मिनिटं चर्चा होते, कुणी म्हणतं हे पोलिसांचं काम, आम्ही कर भरतो, कुणी म्हणतं हे केन आणि मिलरचं खाजगी भांडण, कुणी म्हणतं या माणसाने आपल्यासाठी एवढं केलंय, लाज वाटू द्या. पारडं केनच्या बाजूला झुकतंय असं वाटत असताना हेंडरसन उठतो, केनची तोंडभरून स्तुती करतो, आपण याचे उपकार कधी विसरू नये म्हणतो, आणि त्याच दमात म्हणतो की उत्तरेतले लोक इथे पैसा लावणार आहेत, दुकानं येतील, कारखाने येतील, रस्त्यात मुडदे पडल्याची बातमी गेली तर सगळं संपलं, तेव्हा विल, तू इथे नसलास तर काही होणारच नाही. हा गावातला सगळ्यात शहाणा, सगळ्यात सज्जन माणूस, आणि एक शब्द वावगा न बोलता तो केनला मारून टाकतो. वॉरशो काही म्हणो, याला फळ्यावर लिहिणं म्हणत नाहीत.

खडूस काकू

+१ भटकभवानी, विशेषतः बेकरबद्दल.

वर एवढी चर्चा झाली आणि हेलन रमिरेझचं नाव एका वाक्यात येऊन गेलं, म्हणून आले. ते काम केलंय केटी हुराडोने. मेक्सिकोहून आलेली, आणि या रोलसाठी तिला गोल्डन ग्लोब मिळालं, लॅटिन अमेरिकन नटीला मिळालेलं पहिलंच. सिनेमातली सगळ्यात हुशार व्यक्ती ती आहे. आधी मिलरची, मग केनची, आता हार्व्हीची, असं गाव तिच्याबद्दल कुजबुजतं, आणि तीच बाई सलूनची मालकीण आहे, दुकानात तिची गुपचूप भागीदारी आहे, भागीदारीत दुसरा गोरा माणूस पुढे उभा कारण तिने उघड धंदा करणं गावाला चालणार नाही. मिलर येतोय कळल्यावर ती हिशोब करते, दुकान वाजवी भावात विकते आणि निघते. रडणं नाही, हातपाय आपटणं नाही. केन भेटायला येतो तेव्हा दोघं स्पॅनिशमध्ये दोन वाक्यं बोलतात, वर्षभर भेट नाही, हो माहीत आहे, बस. त्या दोन वाक्यांत जेवढा संसार आहे तेवढा ग्रेस केलीबरोबरच्या अख्ख्या लग्नात नाही, म्हणून शंकासुर यांना ते लग्न विजोड वाटलं ते बरोबरच आहे. माझ्या मते ते तसं वाटायलाच हवं. केन स्वतःच्या आयुष्यातून बाहेर पडून दुसऱ्या कुणाचं तरी आयुष्य जगायला निघालाय, पोरगेली बायको, किराणा दुकान, बंदूक सोडून. ते त्याच्या मापाचं नाही हे बघणाऱ्याला दिसतंय. (आता हे दिग्दर्शकाने ठरवून केलं की हॉलिवूडची नेहमीची खोड, ते देव जाणे. मी दोन्ही धरते.)

आणि क्वेकर बायको वाचवते म्हणून हॉक्सला राग आला म्हणे. एमीचा बाप आणि एकोणीस वर्षांचा भाऊ गोळीने मेलेत, भावाला तिने मरताना बघितलंय, त्या दिवसापासून ती क्वेकर झाली. तिचं ते मत तिने किंमत मोजून मिळवलेलं आहे. आणि तीच बाई खिडकीतून एका माणसाला पाठीत गोळी घालते. पाठीत! वेस्टर्नमध्ये हे कुणी करतं का, हिरोच्या बाजूचं? पहिल्या गोळीचा आवाज आल्यावर गाडीतून उतरून ती पळत सुटते तिथे मला दर वेळी वाटतं की सिनेमा आता केनचा राहिला नाही. अख्ख्या गावात स्वतःचं मत मोडून कुणी काही केलं असेल तर तिने.

सिंगलस्क्रीन

काकू, हेलनबद्दल शंभर टक्के मान्य, तिच्यावर वेगळा सिनेमा निघाला असता तर मी पहिल्या रांगेत बसलो असतो. पण माझा मूळ मुद्दा तसाच आहे. केन मदत का मागतो? तो शेवटी एकट्याने लढतोच ना, आणि जिंकतोही. मग तो मधला तासभर कशासाठी?

रिळवाला

कारण त्याला मरायचं नाहीये हो. एवढं साधं आहे. तो ऑफिसात टेबलावर डोकं टेकवून बसतो तो सीन घ्या. त्या काळात हिरो घाबरलेला, मोडलेला दाखवणं म्हणजे काय होतं, आणि तोही गॅरी कूपर! वेनला नेमकं तेच सहन झालं नसणार असं मला वाटतं, राजकारण नंतर.

आणि शंकासुर, शेवटचा गोळीबार तुला किरकोळ वाटला ना? तो तसाच आहे. त्यात सफाई नाही. फ्रँकचा भाऊ बेन मिलर जाता जाता दुकानाची काच फोडून बायकी टोपी उचलतो, त्या आवाजाने केनला ते कुठे आहेत कळतं. मग तबेला, आग, घोडे सुटतात, केन घोड्याच्या मानेला चिकटून निसटायला बघतो, हे काही वीराचं युद्ध नव्हे. ज्यांना ड्युएल हवं होतं त्यांची निराशा होणारच.

शंकासुर

मधला भाग आणि बाराचा तुकडा परत बघितला. चर्चचा सीन पहिल्या वेळी माझ्या डोक्यावरून गेला होता हे खरं, तो मेयर कसला बेरकी आहे. खुर्चीही आता दिसली. पण गाणं फारच वेळा वाजतं आणि एकेका घरी जाऊन नकार घेणं मला अजूनही जरा हजेरी घेतल्यासारखं वाटतं, तेवढं माझं मत राहू द्या. रिओ ब्राव्हो आज लावतोय, मग ठरवतो मी कुठल्या पार्टीत ते.

खडूस काकू

लावा लावा, जरूर बघा, मजेदार सिनेमा आहे. पण बघताना एक गोष्ट मोजत चला. हॉक्सचा शेरीफ मदत नाकारतो ना, मग त्याच्या बाजूने लढतं कोण? एक दारुडा डेप्युटी, एक लंगडा म्हातारा, एक कोवळा पोरगा, आणि ऐन वेळी खिडकीतून कुंडी फेकून त्याला वाचवणारी एक बाई. आता हाय नूनमध्ये केनकडे आपणहून मदत द्यायला कोण येतं ते आठवा. एक डोळा गेलेला दारुडा, त्याला केन पिण्यापुरते पैसे देऊन पाठवतो, आणि एक चौदा वर्षांचा मुलगा, त्याला घरी जा म्हणतो. म्हातारा हाउ स्वतःच नाही म्हणतो, आणि बाई शेवटी न विचारता येतेच. हॉक्सने उलटा सिनेमा काढला म्हणतात, मला तर वाटतं त्याने केनने परत पाठवलेलीच माणसं गोळा केली.

सिंगलस्क्रीन

काकू, हे मात्र मी कधी असं बघितलं नव्हतं. पण माझा शेरीफ त्यांना निदान घरी तरी पाठवत नाही!